परसातली उन्हाळी नोंदवही, २०२५

१८ जानेवारी, शनिवार

जागा: घरामागचा दीड गुंठा, सातारा, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. पश्चिमेला शेवगा, कुंपणाला जास्वंद, कोपऱ्यात लिंबू आणि कढीपत्ता, मधे भाजीचे वाफे.

यंदा भाजीचं आणि पाखरांचं वेळापत्रक एकाच कागदावर मांडलं आहे. फेब्रुवारी ते मे हा उन्हाळी भेंडी-गवारीचा आणि वेलभाज्यांचा हंगाम. बुलबुल, शिंजीर, तांबट, दयाळ यांची वीणही याच महिन्यांत. तेव्हा कुठली फांदी कधी छाटायची, मांडव कुठे घालायचा, काय फवारायचं, हे घरटी बघून ठरवायचं. रासायनिक औषध परसात येणार नाही, हे पक्कं. चिमणी स्वतः दाणे टिपते, पण पिल्लांना सुरुवातीला अळ्या आणि किडेच भरवते. पानावर विष मारलं की ते त्या चोचीतून थेट घरट्यात जातं.

पहिलं काम मांजा. संक्रांतीचे पतंग संपले, दोरे झाडावरच राहिले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉनच्या आणि काच लावलेल्या मांजावर देशभर बंदी घातली, तरी शेवग्यावर नायलॉनचाच दोरा निघाला. तो कुजत नाही, उन्हात दिसत नाही, आणि पाखराच्या पंखात किंवा पायात अडकला की ते लटकून मरतं. शेंगा काढायच्या आकडीने शेंड्यापर्यंतचा सगळा ओढून काढला. गुंडाळी तशीच कचऱ्यात टाकली तर कचऱ्यावर येणारे कावळे आणि घारी त्यात अडकतात, म्हणून कात्रीने बोटभर तुकडे करून मग टाकली.

२६ जानेवारी, रविवार

वाफे खणले. कुदळीने वीतभर खोल, ढेकळं फोडून वर शेणखत. माती काळी, तळाला मुरमाड, त्यामुळे पाणी साचत नाही.

दयाळ नर सकाळपासून पाठीमागे होता. काळा-पांढरा, शेपटी उभी. कुदळ थांबली की चार हातांवर उतरायचा, हुमणी किंवा अळी उचलून कुंपणावर जायचा. मातीत दडलेले कोष आणि अळ्या आत्ता वर आल्या तर उन्हाने आणि चोचीने निम्म्या संपतात, म्हणून खणलेला वाफा आठवडाभर उघडाच ठेवणार. लगेच लावायची घाई नको.

४ फेब्रुवारी, मंगळवार, रथसप्तमी

पेरणी. रात्रभर भिजवलेलं बी:

भेंडी परभणी क्रांती, एक फूट ओळीत आणि वीतभर अंतरावर टोकली. उन्हाळ्यात पांढरी माशी वाढली की भेंडीच्या शिरा पिवळ्या पडतात, केवडा म्हणतात तो रोग. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हा वाण त्याला बराच तोंड देतो.

गवार पुसा नवबहार. काकडी हिमांगी. दुधी सम्राट. कारलं हिरकणी. दोडका गावाकडचं, सासूबाईंनी राखेत ठेवलेलं बी. वेलांना हातभर रुंद आळी, आळ्यात तीन-तीन बिया, पुढे दोन रोपं ठेवायची.

वांगी मांजरी गोटा आणि टोमॅटो यांची रोपं तयार होती, ती संध्याकाळी लावली. लाल माठ आणि राजगिरा कडेने फोकला. सासूबाईंनी अंगणात सूर्याला दूध उतू घातलं, त्यामुळे पाणी द्यायला ऊन चढेपर्यंत थांबावं लागलं. चाललं.

१० फेब्रुवारी, सोमवार

माठ उगवला आणि चिमण्यांनी तो पाहिला. दोन पानांचं कोवळं रोप त्या चोचीत धरून उपटतात. जाळी टाकणार नाही. ढिल्या नायलॉन जाळीत शिंपी, चष्मेवाला अशी छोटी पाखरं गुंततात, आणि आपण घरी नसलो तर संध्याकाळपर्यंत मेलेली असतात. त्याऐवजी वाफ्यावर तुराट्या आडव्या-तिडव्या पसरल्या. चिमणीला उतरायला सपाट जागा लागते, ती मिळाली नाही की ती दुसरीकडे जाते. रोपं चार पानांवर आली की तुराट्या उचलायच्या.

१५ फेब्रुवारी, शनिवार

परसातल्या पाखरांची जागतिक मोजणी कालपासून सोमवारपर्यंत आहे. भारतात २०१३ पासून होते. नियम सोपा: एका जागी किमान १५ मिनिटं, दिसलेलं प्रत्येक पाखरू ओळखून मोजायचं आणि यादी ई-बर्ड या पाखरांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची.

सकाळी सात ते साडेसात, मागच्या पायरीवरून: चिमणी ११, साळुंकी ४, लालबुड्या बुलबुल ३, सातभाई ८, शिंजीर २, शिंपी १, दयाळ १, तांबट २ (एक फक्त ऐकला), छोटा होला २, कावळा ५, घार १, थिरथिरा १.

थिरथिरा हिवाळी पाहुणा. भिंतीवर बसून शेपटी थरथरवतो. महिनाभरात उत्तरेला निघेल, म्हणून त्याची नोंद आत्ताच हवी.

शिंजिराचा नर अजून अर्ध्या पोशाखात आहे: पोट पिवळट, गळ्यापासून खाली काळा पट्टा. पूर्ण काळा-जांभळा झाला की वीण जवळ आली समजायचं.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

काकडी आणि दोडक्याच्या दोन दळांवर लाल भुंगेरे. पाना-पानाला गोल भोकं. सकाळी लवकर हे भुंगे सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकले. पानं दवाने ओली असतानाच चुलीची चाळलेली राख भुरभुरली. चार पानं झाल्यावर वेल यांना पुरून उरतो, सांभाळायचे ते हेच दिवस.

शेवग्याची दक्षिणेकडची वाळकी फांदी आज उतरवायची होती. शिडी लावली तर फांदीच्या खालच्या अंगाला रुपयाएवढं गोल भोक आणि खाली मातीवर ताजा भुस्सा. तांबट. शेवग्याचं मेलेलं लाकूड मऊ असतं, त्याला तेच लागतं, आणि भोक खालच्या बाजूला कोरलं की पाऊस आत जात नाही. फांदी घरावर येत नाही, रस्त्यावरही नाही. राहू दे. शिडी परत ठेवली.

९ मार्च, रविवार

मांडव. चार बांबू, वर तार, सुतळीची जाळी. दोडका आणि कारलं चढवलं, दुधी एका कडेला. दुधीचा मुख्य शेंडा मांडवावर पोचल्यावर खुडला म्हणजे बगलफांद्या फुटतात आणि मादी फुलं जास्त येतात.

पाडव्याची साफसफाई घरात सुरू झाली. मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे की मागच्या पडवीतली कोळीष्टकं काढायची नाहीत. कारण तारेवर दिसतं आहे: शिंजिराची मादी घरटं बांधते आहे. कपडे वाळत घालायच्या तारेचं टोक, पडवीच्या आत. आधी कोळ्याचं जाळं चोचीत गुंडाळून आणते, तारेला वेढे देते, त्यावर वाळक्या सालीचे कपचे, पानांचे चुरे, अळीची विष्ठासुद्धा चिकटवते. लोंबणारी पिशवी तयार होत आली की आत बसून छाती फिरवून ती गोल करते. तोंड बाजूला, त्यावर छोटं छप्पर. नर जवळच्या कढीपत्त्यावर गात बसतो, बांधकामाला हात लावत नाही. जाळं नसेल तर यातलं काहीच होणार नाही, कारण या घरट्यात गारा म्हणून तेवढंच वापरलं जातं.

सासूबाईंना जाळी ठेवणं पटत नव्हतं. पाडव्याला घरात कोळीष्टकं म्हणजे कसं दिसतं! त्यांना खुर्ची टाकून तारेखाली बसवलं. पाऊण तास बसल्या. मग म्हणाल्या, "अगं, कपडे पुढच्या अंगणात वाळत घालू या. आणि जाळ्याचं कुणी विचारलं तर मी सांगते त्यांना."

१४ मार्च, शुक्रवार, धूलिवंदन

पाण्याचे दोन परळ मांडले. एक कुंपणाच्या खांबावर, मांजर पोचणार नाही असा. एक जमिनीवर, मोकळ्यात, आजूबाजूला झुडूप नाही, म्हणजे मांजर दबा धरून बसू शकत नाही. खोली दोन बोटं, मधे एक चपटा दगड. रोज पाणी ओतून, काथ्याने घासून पुन्हा भरायचं. साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डास तयार होतात आणि पाखरांचे रोगही पसरतात.

पहाटे कोकीळ. यंदाचा पहिलाच मोठा आवाज.

२० मार्च, गुरुवार

जागतिक चिमणी दिन. २०१० मध्ये नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने तो सुरू केला. नाशिकच्या माणसाने चिमणीसाठी सगळ्या जगाला एक दिवस काढायला लावला, याचा मला अभिमान वाटतो.

लाकडी पेटी पूर्वेच्या भिंतीला, दहा फुटांवर, दुपारचं ऊन लागणार नाही अशी ठोकली. भोक सव्वा इंचाचं. मोठं ठेवलं तर साळुंकी पेटी बळकावते. खाली चार हात माती मुद्दाम कोरडी, भुसभुशीत ठेवली आहे, तिथे पाणी मारत नाही. दुपारी चिमण्या त्यात लोळतात, पंखांत धूळ घेतात. सिमेंटची अंगणं झाल्यापासून त्यांची ही जागा गेली. पेट्या सगळे वाटतात, धुळीचा कुणी विचार करत नाही.

बियाणासाठी सोडलेल्या राजगिऱ्याची कणसं तशीच उभी ठेवणार आहे. त्यातलं निम्मं त्यांचं.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

कडुनिंबाचा मोहर, गूळ, मग परस.

दोडक्याची फुलं उन्हं कलली की उघडतात, पाचच्या सुमारास. दुधीची त्याहून उशिरा, पांढरी, अंधारात उठून दिसणारी. ही फुलं रात्रीच्या पतंगांसाठी आहेत. काकडी आणि कारल्याची पहाटे उघडतात, ती मधमाश्यांची. दुधीला कोवळं फळ धरून तीन दिवसांत पिवळं पडून गळत असेल तर बहुतेक वेळा परागीकरणच झालेलं नसतं. आमच्याकडे रस्त्याचा मोठा दिवा आहे, पतंग त्याच्याकडेच जातात. म्हणून संध्याकाळी नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि परागकोष मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवायचा. मादी फुलाखाली बोटभर दुधी आधीच दिसतो, ओळखायला कठीण नाही. आज सात फुलांवर केलं, प्रत्येक देठाला लाल दोरा बांधला.

शिंजिराच्या घरट्यातून दोन चोची. मादी दर काही मिनिटांनी येते, बहुतेक वेळा चोचीत कोळी किंवा बारीक अळी. मधुरस पिणारं पाखरू म्हणून आपण त्याला ओळखतो, पण पिल्लांना मांसच लागतं.

८ एप्रिल, मंगळवार

कारल्यावर फळमाशी. डंख मारलेलं फळ त्या जागी वाकतं, पिवळं पडतं, आत अळ्या.

शेजारच्या काकूंनी आपल्या गच्चीतले पिवळे चिकट सापळे देऊ केले. घेतले नाहीत. पांढरी माशी त्यांना चिकटते हे खरं, पण उघड्यावर टांगलेल्या त्या पत्र्याला चिकटलेल्या माश्या खायला शिंपी आणि वटवट्या येतात आणि स्वतःच चिकटतात. पिसं उपटल्याशिवाय सुटत नाहीत. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच आपल्या सापळ्यांभोवती बारीक तारेची जाळी लावून घेतली: किडा आत जातो, पाखरू जात नाही. ज्यांना सापळा हवाच आहे त्यांनी निदान एवढं तरी करावं.

आमचा उपाय तीन भागांत. एक, क्यू-ल्यूरचा, म्हणजे नर माशीला ओढून घेणाऱ्या वासाचा कामगंध सापळा, प्लास्टिकच्या डब्याचा. त्यात फक्त फळमाशीचे नर जातात. दोन, डंखलेली फळं रोज तोडून बादलीभर पाण्यात बुडवायची. खताच्या खड्ड्यात टाकायची नाहीत, तिथे माशी पूर्ण वाढून बाहेर येते. तीन, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचं: मांडवाखालची माती दर चार दिवसांनी खुरप्याने दोन बोटं हलवायची. फळमाशीची अळी फळातून बाहेर पडून मातीत कोष करते. गव्हाच्या दाण्याएवढे, बदामी रंगाचे कोष. माती हलली की ते वर येतात.

आणि मग सातभाई येतात. आज आठांची टोळी पाचटाच्या आच्छादनावर उतरली. एकजण उंचावर पहाऱ्याला, बाकीचे पाचट उलथत, एकमेकांवर ओरडत. तासाभरात मांडवाखालचा प्रत्येक कोपरा तपासून झाला. पाचट विस्कटतात, रोपाचं बूड उघडं पडतं, ते संध्याकाळी परत सारखं करावं लागतं. एवढ्या कामात माझ्या हाताला जे कधीच जमलं नसतं ते त्यांनी केलं.

निंबोळी अर्क पाच टक्के: लिटरला ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, चिमूटभर साबण. भेंडीच्या तुडतुड्यांवर आणि वांग्याच्या शेंड्यांवर. सूर्य मावळल्यावर, मधमाश्या गेल्यावर. पडवीच्या बाजूला नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

जास्वंदीत बुलबुलाचं घरटं होतं, छातीइतक्या उंचीवर. पिल्लं परवाच फुटली होती, डोळे मिटलेले.

सकाळी भारद्वाज आला. तो सहसा उडत येत नाही, कुंपणाच्या आतून चालत येतो, फांदीवरून फांदीवर, लांब काळी शेपटी मागे ओढत. सासूबाई तुळशीपाशी होत्या. त्यांनी हात जोडले. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, हे त्यांना त्यांच्या आजीने सांगितलेलं. दोन्ही बुलबुल शेंडी उभारून किंचाळत त्याच्या डोक्यावर झेपावत होते. त्याने लाल डोळा एकदाही वळवला नाही. खालून घरट्यात शिरला आणि पिल्लू चोचीत धरून बाहेर आला. मग दुसरं.

मी धावले होते, पण अर्ध्यात थांबले. हाकलून काय करणार होते? सासूबाईंचे हात अजून जोडलेले होते. जरा वेळाने म्हणाल्या, "पोट त्यालाही आहेच की, गं."

मला वाईट वाटलं, अजून वाटतं आहे. पण पावसाळ्यात रोपं खाणाऱ्या गोगलगाई हाच भारद्वाज फोडून खातो. परस त्याचंही आहे. करण्यासारखं एक आहे: कुंपणाची जास्वंद विणीच्या महिन्यांत विरळ करायची नाही, उलट मधे करवंद आणि मेंदी लावून काटेरी आणि दाट करायची. पावसाळ्याच्या यादीत लिहिलं.

बुलबुलाची जोडी दुपारी लिंबात काड्या नेताना दिसली.

२७ एप्रिल, रविवार

काढणी: भेंडी दिवसाआड, काकडी भरपूर, दुधी चांगला, लाल दोरा बांधलेल्यांपैकी पाच टिकले. गवार बेताची. माठ तीनदा कापला.

टोमॅटोला बुलबुल चोची मारतात. परळ भरलेले असतात त्या दिवशी कमी मारतात, म्हणजे बरीचशी तहानच आहे. रंग धरू लागलेल्या घोसांना जुन्या मलमलीच्या पिशव्या बांधल्या, वरचे तीन घोस तसेच ठेवले. घाटे अळी पिशवीत जात नाही, हा वरचा फायदा.

६ मे, मंगळवार

वांग्याचं तिसऱ्या ओळीतलं झाड. शेंडे खुडताना एक पान उलटं वळलेलं दिसलं, हात तिथेच थांबवला. शिंप्याचं घरटं.

पानाच्या दोन्ही कडा जवळ आणलेल्या आणि शिवलेल्या. मादीने चोचीने कडेला बारीक भोकं पाडली आहेत, सुईने पाडावीत इतकी नेमकी, आणि पान फाटलेलं नाही. प्रत्येक भोकातून काटेसावरीचा कापूस ओढून घेतला आहे. गाठ नाही. कापसाचं टोक भोकाबाहेर फुलवलं की ते मागे सरकत नाही, तेवढ्यावर टाका टिकतो. काही टाके कोळ्याच्या जाळ्याचे. आत कापसाची आणि केसांची गादी, तिच्यात तीन अंडी, तांबूस ठिपक्यांची. पान अजून हिरवं आहे, देठाशी जोडलेलं, झाड त्याला पाणी पोचवतं आहे. म्हणूनच वांग्याचं पान: रुंद, लवदार, आणि खाली सावली.

निर्णय: या झाडावर आणि दोन्ही बाजूंच्या झाडांवर काढणी बंद, फवारणी बंद. पाणी लांबून, आळ्यात. जाण्या-येण्याची वाट पलीकडच्या ओळीतून. पान मिटलेलंच दिसावं म्हणून रोज वाकून बघायचंही नाही. कुणी वाकलं की मांजर आणि कावळा दोघंही ती जागा लक्षात ठेवतात. लेकीला हे सांगितल्यावर तिने ओळीच्या तोंडाशी दोन काठ्या रोवून सुतळी बांधली.

२५ मे, रविवार

वळवाने या आठवड्यात झोडपून काढलं. मे महिन्यात असा पाऊस साताऱ्याने फार वेळा बघितला नसेल. मांडवाचा एक बांबू कलला, दोडक्याचा अर्धा वेल खाली. बांबू बदलला. कारल्याला भुरी, तो वेल काढून टाकला. भेंडी थोराड झाली, चार झाडं बियाण्याला राखली, बाकी उपटली. दुधीचा सगळ्यांत लांब दोरेवाला वेलावरच पिवळा होऊ दिला आहे, नखाला दाद देईनासा झाला की बी काढायचं.

शिंप्याचं झाड पावसाने झुकत होतं. पानाला न शिवता खोडाशी बांबूची काठी रोवून सैल बांधलं. पिल्लं आहेत, दोघंही भरवत आहेत, भर पावसातही फेऱ्या थांबल्या नव्हत्या. त्या झाडावरची वांगी पिवळी पडून जून झाली. ती बियाण्याला चालतील, मांजरी गोट्याचं घरचं बी त्यातूनच धरणार. बाकीच्या वांग्यांची खोड छाटणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, या घरट्यातली पिल्लं उडाली की.

पुढची कामं: करवंद आणि मेंदीची रोपं आणायची. तांबटाची फांदी तशीच, पुढच्या वर्षी वापरात येईल. शिंजिराचं रिकामं घरटं लेकीने शाळेत दाखवायला मागितलं आहे, दिलं. मैदानाजवळच्या कडुनिंबाला निंबोळ्या लगडल्या आहेत, जूनमध्ये पिकतील. झाडाखाली साळुंक्या आणि बुलबुल गर खाऊन बिया टाकतात, त्या आयत्या साफ असतात. त्या वेचायच्या, सावलीत वाळवायच्या. वर्षाच्या अर्काला तीन किलो पुरेत.